टिचकी, घंगाळ आणि सरांचं ‘इन थिअरी’

“यंत्र चांगलंय मॅडम, पण भांडं मुकं झालंय,” म्हणत दत्तूकाकांनी श्रवणयंत्र काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

काका कसबा पेठेतले तांबट. उभा जन्म तांब्यावर हातोडी मारली, त्यात कान गेले. भांड्यावर ठोके सारखे बसलेत की नाही, हे ते टिचकी मारून नादावरून ओळखत. नाद कळेनासा झाला आणि दोन घंगाळं गिऱ्हाइकांकडून परत आली. मुलगा म्हणाला, “बाबा, आता बंद करा.” काम सुटू नये म्हणून काकांनी यंत्र घेतलं होतं.

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे कान तपासून यंत्र जुळवून देणारी. काकांच्या कानाचा आलेख पुन्हा काढला. सेटिंग त्याच्याशी तंतोतंत जुळत होतं. क्लिनिकमधल्या आमच्या सरांना दाखवलं.

“इन थिअरी, परफेक्ट,” सर म्हणाले.

इंग्रजीत ‘इन थिअरी’ म्हणजे तत्त्वतः बरोबर. पण त्याच्या मागे एक न बोललेला ‘पण’ उभा असतो. लिफ्टवाला ‘इन थिअरी उद्या चालू होईल’ म्हणाला, की आपण जिना चढायची तयारी ठेवावी.

“मग सर, चुकतंय कुठे?”

“ते इथे खुर्चीत बसून कळणार आहे का? पेठेत जा.”

दुपारी लॅपटॉप घेऊन गेले. आळीत ठोके चालू होते, एक जवळ, एक लांब, एक त्याहून लांब. तांब्यावरून परतलेलं ऊन भिंतीवर हलत होतं. मी कशासाठी आले तेच विसरले. डोळे मिटून किती वेळ बसले, कोण जाणे. फार बरं वाटत होतं.

काकांनी यंत्र घालून घंगाळावर टिचकी मारली. मला नाद खणखणीत ऐकू आला. काकांनी मान हलवली, नाही.

तेव्हा उलगडलं. अचानक येणारा खणखणीत आवाज यंत्र आपणहून दाबतं. बाकीच्यांना अशा आवाजाचा त्रास होतो. काकांना नेमका तोच हवा होता.

मी दाबणं बंद केलेला वेगळा प्रोग्रॅम करून दिला. “ठोकताना यंत्र काढून ठेवायचं हं. घालायचं फक्त टिचकीपुरतं.”

काकांनी टिचकी मारली. नाद विरेपर्यंत ते हलले नाहीत. मग घंगाळ थोडं फिरवून पुन्हा मारली.

“इथे कच्चं राहिलंय,” ते म्हणाले. यंत्र काढून माझ्या हातात दिलं आणि हातोडी उचलली. शेजारी उभ्या मुलाकडे न बघताच विचारलं, “काय रे, कधी बंद करायचं म्हणालास?”

मुलगा घंगाळ धरायला बसला.

तेव्हापासून आलेख परफेक्ट जुळला, की मी समोरच्याला विचारते, “तुम्हाला नेमकं काय ऐकायचंय?” खरं तर हे आलेख काढण्याआधी विचारायचं असतं.