लीजवरच्या मशीनचा हार

शमुवेलमामांशी बोलायचं तर आधी मशीन पुसलेलं असावं लागे. घरून कुणी निरोप घेऊन आलं, तरी मामा रॉकेलचं फडकं हातात धरून म्हणायचे, "थांबा. आधी हिला पुसू द्या, मंग सांगा." शिरूरच्या आमच्या छापखान्यात ते मशीनमन होते, मी बाइंडिंगला. महाचिडका माणूस. रोलरला बोट लावलं म्हणून मालकांच्या मेव्हण्यालासुद्धा त्यांनी एकदा बाहेर काढलं होतं.

ते ऑफसेट मशीन मुळात छापखान्याचं नव्हतंच. पुण्याच्या एका कंपनीकडून लीजवर आणलेलं. दर महिन्याला हप्ता भरायचा, सगळे फिटले की मशीन आपलं. शेवटच्या वर्षी कारेगावकडच्या कारखान्यांनी बिलं थकवली आणि मालकांच्या नाकातोंडात पाणी जायला लागलं. हप्ते चुकले तर कंपनी मशीन उचलून नेणार. मालकांनी मामांना पुढं केलं.

"यंदा बोनस सोडा," मामा आम्हाला म्हणाले. "मशीन सुटलं की म्होरल्या दिवाळीला दोन्ही वर्साचा देत्यात. मी जबान देतो."

मालकांच्या शब्दावर आम्ही चहासुद्धा सोडला नसता. मामांच्या शब्दावर दिवाळी सोडली.

हप्ते फिटले. मग मालकांनी ते मशीन ट्रकवर चढवलं आणि दौंडला जावयाच्या नव्या छापखान्यात नेऊन बसवलं. आमच्या वाट्याला जुनं, पायानं चालवायचं ट्रेडल मशीन. बोनसचं विचारलं तर म्हणाले, "मशीन माझं, हप्ते मी भरले. तुम्ही मध्ये कोण?" आठवलं की आजही अंगाची लाहीलाही होते. त्या दिवशी मात्र मी मामांवरच तोंड सोडलं. मामांनी फडकं उचललं आणि ट्रेडल पुसायला घेतलं.

आमच्याकडच्या सगळ्याच छापखान्यांत एक रीत होती. खंडेनवमीला मशीनला हार घालायचा, आणि दसरा झाल्यावर ज्यानं घातला त्यानंच तो काढायचा. तोवर मशीन चालवायचं नाही. मामा ख्रिस्ती, आरतीला उभे राहत नसत, पण तो हार त्यांनी कधी दुसऱ्याला घालू दिला नव्हता. त्या खंडेनवमीला ते सकाळच्या एसटीनं दौंडला गेले. तिथल्या कामगारांनी आदरानं वाट दिली. मामांनी आधी मशीन पुसलं, मग हार घातला आणि जावयाला म्हणाले, "शिरूरच्या मान्सांचा बोनस द्या. मंगच काढीन."

दसरा झाला. दिवाळीची कामं अंगावर आली, पण एकही कामगार मशीनला हात लावेना. जावयाच्या शिव्यांचा काही उपयोग झाला नाही. शेवटी मालक जीप घेऊन मामांच्या दारात आले. आम्ही जमलोच होतो.

"मामा, देवाधर्माच्या गोष्टीत असं अडवू नये."

"देवाला न्हाई अडवलं. तुमाला अडवलंय."

दुसऱ्या दिवशी आम्हाला दोन्ही वर्षांचा बोनस मिळाला आणि मामांनी जाऊन हार काढला. मामांना मात्र एक पैसा मिळाला नाही. काम बुडाल्याची भरपाई म्हणून त्यांचा बोनस कापला आणि वर 'उद्यापासून येऊ नका' असं सांगितलं. मामा यातलं कुणाला काही बोलले नाहीत. मला मामींकडून कळलं. मी तशीच मालकांकडं गेले, तर त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं.

काही वर्षांनी मामा गेले. कबरस्तानात मालक आले, हातात भलामोठा झेंडूचा हार. ते पेटीकडं निघाले तशी मी आडवी आले.

"हार नंतर घाला. आधी मामांचा बोनस द्या."

"बाई, आज नको," चर्चचे पाळकसाहेब हळूच म्हणाले. कुणीतरी माझा दंड धरला. मी हलले नाही. मालकांनी मामींकडं पाहिलं. मामींनी मान फिरवली.

मालक तो हार घेऊन जीपकडं परत गेले. खिशाकडं त्यांचा हात काही गेला नाही.