आठव्या मजल्यावरची थाप

लिफ्टमनकाकांच्या गप्पा मजल्यांच्या मापानं कापलेल्या असत. तिसऱ्यापर्यंत गुडघेदुखी, पाचव्यापर्यंत सरकारला शिव्या, आणि थेट आठव्यापर्यंतचं माणूस सापडलं की लेकीचं कौतुक. लेक इंजिनिअरिंगला जाणार, अशी थाप त्यांनी एकदा मारली आणि ती लिफ्टबरोबर वरखाली फिरत राहिली.

लेक खरं तर नळकाम शिकायला निघाली होती. शाळा तिनंच शोधली, प्रवेशही मिळवला. शुक्रवारच्या आत फी भरली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. फंडातून शिक्षणासाठी पैसे काढता येतात हे काकांना ठाऊक होतं. पण फंडाचं ऑफिस नेमकं आठव्या मजल्यावर! तिथल्या बाईंना इंजिनिअरिंगची कहाणी तोंडपाठ. पितळ उघडं पडू नये म्हणून काकांनी अर्जात ठोकून दिलं, 'इंजिनिअरिंग'. वर नळकामाच्या शाळेचं पत्र जोडलं आणि लेकीला घेऊन गेले.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "काका, हे जुळत नाही."

"अहो बाई, नळकामाला शिक्षण कोण म्हणणार? पैसे दिले असते का तुम्ही?"

"दिले असते की! मान्यता असलेली शाळा असली म्हणजे झालं, मग काम हाताचं का असेना. नियमच आहे तसा. खोटं तेवढं चालत नाही. नवा अर्ज लिहा, आजच पुढे पाठवते."

काकांनी आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता. लेकीनं जुना अर्ज वाचला. "बाबा, माझी लाज वाटते तुम्हाला?"

ते काकांना फार लागलं. त्यांनी नव्या अर्जावर 'नळकाम' एवढं मोठं लिहिलं की रकाना पुरेना.

उतरताना लिफ्ट भरली. पाचव्यावर चढलेल्या हिशेबनीसांनी विचारलं, "काय काका, ह्याच का इंजिनिअरबाई?"

लेक दाराकडे तोंड करून उभी राहिली.

काकांनी घसा खाकरला. "नाही हो, थाप होती ती. नळकाम शिकणार आहे ही. परवा आमची मोरी तुंबली, मी नाक धरून बाहेर पळालो. हिनं बाह्या सारल्या आणि..." एकदा भीड चेपली म्हटल्यावर काका मोरीवरून पाइपावर आणि पाइपावरून गच्चीवरच्या टाकीवर पोचले.

"बाबा," लेकीला हसू आवरेना, "तळमजला गेला!"

लिफ्ट तळघरात येऊन थांबली होती. काकांनी जीभ चावली.

"असू द्या," हिशेबनीस म्हणाले, "आधी टाकीचं पुरं करा."