उजव्या हाताने दिलेला तुंबा

टेनिसच्या लाल मातीच्या कोर्टावर समोर डावखुरा आला की नासारेनो हमखास हरायचा. डावखुऱ्याचा चेंडू उसळून थेट त्याच्या बॅकहँडच्या बाजूला खांद्याएवढा चढायचा. आज हरला तर गावी, तांदिलला परतून सासऱ्याच्या दुकानात मांस तोडायचं, असं बायकोने बजावलं होतं. आजच्या फाकुंदोला त्याने कधी खेळताना पाहिलं नव्हतं. कपडे बदलताना फाकुंदोने उजव्या हाताने येर्बाच्या पाल्याच्या चहाचा तुंबा पुढे केला आणि नासारेनोचा जीव भांड्यात पडला.

कोर्टावर मात्र फाकुंदोने रॅकेट डाव्या हातात धरली.

"अरे लबाडा, मघाशी तर उजवा होतास!"

"डाव्या हाताने तुंबा दिला तर आई थोबाड फोडेल, दादा. खेळायला तिची हरकत नाही."

पहिलीच सर्व्हिस खांद्याएवढी उसळली. नासारेनोला जाळ्यापलीकडे सासरा सुरा परजताना दिसला.