मामांनी काढला नाही तो गाळ

ते मला ताई म्हणायचे आणि मी त्यांना मामा. धाराशिव जिल्ह्यातल्या एका प्रसूतिगृहामागं सांडपाणी शुद्ध करायच्या टाक्या होत्या, त्या ते सांभाळायचे. मी पीएच.डी.साठी दर आठवड्याला तिथलं पाणी बाटल्यांत भरून न्यायची.

बायकांच्या शरीरातली हार्मोन्स लघवीवाटे सांडपाण्यात उतरतात, गरोदरपणात तर फारच. ती ओढ्यात गेली की माशांची वीण बिघडते. टाकीतल्या गाळात जिवाणू असतात, ते ही हार्मोन्स खातात; पण त्यासाठी गाळ बरेच दिवस टाकीत राहू द्यावा लागतो. मामा तो आठवड्याला उपसायचे.

"मामा, महिनाभर गाळ काढू नका ना," मी म्हटलं.

"सायब रागवत्याल, ताई."

"मी सांगते त्यांना."

मी सांगितलं नाही. संशोधनाच्या परवानगीचे कागद पुन्हा फिरवावे लागतील या भीतीनं आज-उद्या करत राहिले. मामांनी मात्र शब्द पाळला. रोज बरणीत गाळ घेऊन तो किती वेळात खाली बसतो ते बघायचे. तिसऱ्या आठवड्यात माझ्या नमुन्यांत हार्मोन्स जवळजवळ सापडेनाशी झाली. त्यांना सांगितलं, तर टाकीकडं बघत म्हणाले, "लई गुणाचे हायेत बघा हे जिवाणू."

मग साचून साचून गाळ फुगला. निवळणीच्या टाकीच्या कडेवरून वाहत तो शेजारच्या रानात गेला. तक्रार आली. व्यवस्थापकांनी मामांना बोलावलं तेव्हा मी तिथंच होते.

"गाळ का काढला नाही?"

मामांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मी बाटलीवरची चिठ्ठी नीट करत राहिले.

"ऱ्हाऊन गेलं, सायब."

त्याच दिवशी त्यांना कामावरून काढलं. फाटकापर्यंत मी त्यांच्यामागं गेले आणि तिथूनच परत फिरले.

प्रबंध पुरा झाल्यावर येडशीला त्यांच्या घरी गेले. अंगणात शेंगा फोडत बसले होते. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "मामा, माझं चुकलं."

मला वाटलं, जाऊ द्या म्हणतील. त्यांनी हातातली शेंग फोडली.

"व्हय, चुकलं," ते म्हणाले. "मला वाटलं व्हतं, तुमी बोलताल."

मामींनी चहा आणला. तो पिऊन मी निघाले.

दुसऱ्या दिवशी प्रसूतिगृहात जाऊन व्यवस्थापकांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "आता तिथं दुसरा माणूस आहे, मॅडम," म्हणाले आणि समोरच्या फायलीत डोकं घातलं.

मामांना फोन करून तेही सांगितलं.

"बरं केलं," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी माझा फोन कधी उचलला नाही.