बदली आणि वालाचं बिरडं

पनवेलच्या मुलींच्या शाळेत मी शिक्षिका होते आणि माझं पोट साऱ्या आळीला ठाऊक होतं. सकाळी जड, दुपारी फुगलेलं, आणि चार-चार दिवस साफ व्हायचं नाव नाही. अठ्ठाविसाव्या वर्षीच मी मऊ भात आणि मुगाच्या वरणावर आले होते. वैद्यबुवांचं त्रिफळा झालं, एरंडेल झालं, दर सोमवारचं लंघनही झालं. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर. दिवसभरात माझं चालणं म्हणजे खुर्चीपासून फळ्यापर्यंत. त्याचा पोटाशी काही संबंध असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नाही.

दिवाळीनंतर माझी बदली गाढी नदीपलीकडच्या एका खेड्यात झाली. तीन मैल वाट, एसटी नाही. मी रडले. माझे यजमान कोर्टात कारकून. त्यांनी त्याच दिवशी अर्ज लिहिला की पत्नीस पोटाचा जुना विकार आहे, तरी बदली रद्द व्हावी. वैद्यबुवांचा दाखलाही जोडला. पण उत्तर येईपर्यंत हजर होणं भाग होतं.

पहिल्याच दिवशी वाटेत एक आगरी बाई भेटली. पहाटे भाजी घेऊन पनवेलच्या बाजारात यायची आणि साडेनऊला रिकामी पाटी डोक्यावर घेऊन त्याच खेड्याकडे परतायची. मी दर फर्लांगाला बसत होते, ती थांबत होती. थांबण्याचं कारण सांगताना मी माझ्या पोटाचं सगळं पुराण तिला ऐकवलं.

"मास्तरीणबाई," ती म्हणाली, "तुमी निसत्या बसून र्‍हाता, मंग पोट पन बसूनच र्‍हानार."

मला राग आला. पण सोबत दुसरी नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी तिच्याच मागे चालू लागले. पहिला आठवडा नुसता पायांच्या फोडांत गेला. दुसऱ्या आठवड्यात शाळेत पोचताच पोटात काहीतरी कुरतडू लागलं. मला वाटलं, नवं दुखणं. ती भूक होती, इतक्या वर्षांत मी ती विसरूनच गेले होते. महिन्याभरात सकाळची तक्रारही उरली नाही. एरंडेलाची बाटली फळीवर तशीच राहिली.

माघात एकदा मी डबा घरी विसरले. ते कळल्यावर त्या बाईनं दुपारी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं शाळेत आणून दिलं. वाल मला सहा वर्षं वर्ज्य होते. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण वास नाकात शिरला होता. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. मग दुपारभर पाढे घेताना एक हात पोटावर ठेवून वाट पाहत राहिले. आता फुगेल, मग फुगेल. पाच वाजले, शाळा सुटली, काही झालं नाही. घरी जाऊन मी पुन्हा जेवले.

वैद्यबुवांना हे सांगायची छातीच होईना, पण सांगितलं. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. म्हणाले, "औषध बंद करा. चालणं मात्र बंद करू नका."

होळीच्या सुमारास यजमान हसतमुखानं कागद घेऊन आले. बदली रद्द झाली होती. त्या कागदासाठी बिचारे सहा वेळा अलिबागच्या कचेरीत जाऊन आले होते. मला आता ती खेड्यातली शाळा सोडायची नाही, हे सांगताना माझा आवाज चोरटा झाला.

त्यांनी कागदाची घडी घालून ती खिशात ठेवली. मग म्हणाले, "आता बायकोची प्रकृती सुधारली म्हणून अर्ज करू? साहेब मला वेड्यात काढतील."

पण अर्ज त्यांनी केला, आणि अक्षरही नेहमीपेक्षा सुबक काढलं. त्या शाळेत मी पुढं सात वर्षं होते. सुट्टीच्या दिवशी चालल्याशिवाय मला चैन पडेना, तेव्हा मी यजमानांनाही बरोबर ओढू लागले. नदीपर्यंत ते कुरकुरत येत आणि परतताना माझ्या पुढं चालत, कारण तोवर त्यांनाही भूक लागलेली असे.