रेघ तुटू देणाऱ्या इनामदार मॅडम

इनामदार मॅडम पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आल्या त्या काही न बोलता. कॉम्प्युटरला जोडलेली यूएसबीची वायर त्यांनी उपटली आणि पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या. माझी सकाळपासूनची चाचणी वाया गेली. "अहो मॅडम, चालू होतं ते," मी म्हटलं.

"म्हणूनच उपटली. हॉस्पिटलात हे काम फरशी पुसणाऱ्या मावशी करतील. इथे मी करते." वायर परत लावून, रेघ पुन्हा उमटायला लागल्याची खात्री करून त्या निघून गेल्या.

हिंजवडीतली आमची लहानशी कंपनी हृदयाचे ठोके टिपणारं यंत्र बनवत होती. यंत्र रुग्णाच्या छातीवरून दर क्षणाला आकडे घ्यायचं आणि वायरीतून कॉम्प्युटरकडे पाठवायचं, तिथे त्यांची रेघ उमटायची. ते आकडे न सांडता, न थांबता वाचून घेणारा प्रोग्रॅम मॅडम लिहायच्या. त्याला ड्रायव्हर म्हणतात. मंडईजवळ त्या राहायच्या, तिथल्या शेजारणींची कित्येक वर्षं समजूत होती की आपली रुखसाना ऑफिसची गाडी चालवते. मॅडमनी कधी खुलासा केला नाही. "समजावण्यापेक्षा गाडी शिकणं सोपं," म्हणायच्या.

मला मात्र त्यांनी समजावलं. "नळ बंद करता येत नाही असं धरून चाला. एक बादली भरत असताना दुसरी रिकामी हाताशी पाहिजे. ती आणायला उशीर झाला की पाणी सांडलं. सांडलेलं परत मिळत नाही." त्यांचं सगळं काम या बादल्या वेळेवर पुढे सरकवण्याचं होतं. पन्नाशी उलटली होती. बरोबरीचे लोक कधीच साहेब झाले होते. मॅडम रोज दीड-दोन तास बसमध्ये घालवून यायच्या, डबा उघडायच्या आणि अर्धा खाऊन मिटायच्या. कंटाळा आलाय, असं एकदाच म्हणाल्या, तेही असं की जणू घड्याळात किती वाजले ते सांगतायत.

त्या वर्षी रेघेत फटी पडू लागल्या. दिवसातून एखाद-दोनदा, क्षणभराच्या. कारण सापडेना. प्रकल्प समीरकडे होता, मॅडमपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. ग्राहकाला यंत्र दाखवायची तारीख ठरलेली. तो म्हणाला, "मॅडम, सेकंदभराचाच प्रश्न आहे. फट आली की आधीच्या ठोक्याची नक्कल चिकटवू. दिसणारही नाही."

"समीरराव, दिसणार नाही हीच तर अडचण आहे," मॅडम म्हणाल्या. "आपल्याला माहीत नसेल तर डॉक्टरला कळू दे की आपल्याला माहीत नाही. रेघ तुटली असेल तर तुटलेली दिसू दे."

पुढच्याच आठवड्यात त्यांच्या यजमानांचं ऑपरेशन निघालं आणि त्या रजेवर गेल्या. समीरने ते काम मला दिलं. मी नाही म्हणू शकलो असतो. पण मीही थकलो होतो, रोजच्या त्याच फटी शोधून विटलो होतो. एका दुपारी बसून नक्कल चिकटवणारा भाग लिहिला. चांगला चालला. समीरने सगळ्यांसमोर पाठ थोपटली, ती मी थोपटून घेतली.

मॅडम रजेवरून परतल्या त्या सकाळी माझ्याकडे आल्या आणि सवयीने वायर उपटली. वायर त्यांच्या हातात होती आणि पडद्यावर आणखी एक ठोका पडला.

त्यांनी वायर परत जागेवर लावली. मग विचारलं, "तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"सफाईदार आहे." एवढंच. त्या जागेवर जाऊन बसल्या. त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

यंत्र तपासून योग्य ठरवल्याच्या कागदावर सही करायला त्यांनी नकार दिला. समीरने त्यांना माहितीपुस्तिका लिहायला बसवलं. त्यांनी राजीनामा दिला, पण उरलेल्या दिवसांत पुस्तिका बाजूला ठेवून त्या फटीमागेच लागल्या. शेवटच्या आठवड्यात कारण सापडलं. रिपोर्ट छापायला घेतला आणि प्रिंटर सुस्त असला, की आकडे वाचणारा भागही त्याच्यासाठी थांबून राहायचा. मॅडमनी दोन्ही कामं वेगळी केली. फटी बंद झाल्या.

"आता माझी नक्कल तेवढी काढून टाका," मी म्हटलं.

"मी काढली तर म्हातारीचा हट्ट. तुम्ही लिहिलीत, तुम्ही काढा."

मी नक्कल काढतोय म्हटल्यावर समीर चिडला. आता फटीच पडत नाहीत तर नक्कल राहिली म्हणून काय बिघडलं, असं त्याचं म्हणणं. "वायर ओढली तरी ठोका पडतो," मी म्हणालो आणि वाद न घालता बसून राहिलो. शेवटी त्याने हात झटकले. मी नक्कल काढली. मॅडमचा शेवटचा दिवस तोच होता. निरोपाचा केक त्यांनी खाल्ला नाही, यजमानांना साखर चालत नाही म्हणून घरीही नेला नाही.

काही महिन्यांनी एका हॉस्पिटलातून तक्रार आली की रेघ मध्येच तुटते. आम्ही धास्तावून गेलो. हॉस्पिटलात जाऊन तपासलं तर यंत्र ठीक होतं. रुग्णाच्या छातीवरची एक तार निसटत होती. रेघ तुटलेली दिसली म्हणूनच नर्सने जाऊन पाहिलं होतं. मी तिथूनच मॅडमना फोन केला आणि सगळं सांगितलं. कौतुक ऐकून त्या काही तरी म्हणतील असं वाटलं होतं.

"पेशंट कसा आहे?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. आमच्यापैकी कोणीच ते विचारलं नव्हतं.

"विचारून घ्या," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी वॉर्डात जाऊन विचारलं. पेशंट म्हणजे एक आजोबा, ते बरे होऊन आदल्या दिवशीच घरी गेले होते. दुपारी ते सांगायला पुन्हा फोन लावला, तो मॅडमच्या यजमानांनी घेतला. हळू आवाजात म्हणाले, "ती जरा झोपलीये. उठवू का?"

"नको," मी म्हटलं. "झोपू द्या त्यांना. पेशंट बरा आहे, एवढंच सांगा."