खंडित पोथ्यांचं कपाट

नाशिकच्या आमच्या ग्रंथालयात ज्या कामाला धड नाव नसे, ते माझ्या गळ्यात पडे. १९३५च्या आसपासची गोष्ट. ग्रंथपाल पुस्तकं सांभाळत, कार्यवाह सभासदांची भांडणं सांभाळत आणि मी ‘विशेष योजना’ सांभाळत असे. खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या पाठवणं, बायकांसाठी दुपारचा वाचनवर्ग, व्याख्यानमाला, कमिटीच्या डोक्यात येईल ते. बहुतेक योजना सहा महिन्यांत आटोपत. पोथ्यांची योजना मात्र माझी स्वतःची होती, त्यामुळे तिचं जे झालं त्याबद्दल दुसऱ्या कोणाला बोल लावायची सोय नाही.

योजना साधी होती. घरोघरच्या फडताळांत पडलेल्या हस्तलिखित पोथ्या उसन्या आणायच्या, नोंदवायच्या, त्यांची नक्कल करून घ्यायची आणि मूळ पोथी ज्याची त्याला परत द्यायची. लोक सहजासहजी देत नसत. पोथी एकदा घराबाहेर गेली की परत येत नाही, असा सगळ्यांचाच अनुभव. मी उंबरठे झिजवायचो, शपथा घ्यायचो.

पंचवटीतल्या काकूंकडे मी चार खेपा घातल्या. एकट्याच राहायच्या. यजमान वारून बरीच वर्षं झाली होती. त्यांनी स्वतः लिहिलेला एक संस्कृत ग्रंथ लाल फडक्यात बांधून देवघरात ठेवलेला होता.

“हे सोळा वर्षं लिहीत होते,” काकू म्हणाल्या. “काजळ धरून, डिंक घालून शाई मीच करून द्यायची. पण आत काय लिहिलंय ते मला नाही ठाऊक. एकदा विचारलं, तर म्हणाले, तुला काय करायचंय.” मग म्हणाल्या, “ते पुरं व्हायच्या आधीच हे गेले. तुम्ही नक्कल कराल तेव्हा मला एकदा मराठीतून सांगाल का, आत काय आहे ते? एवढं केलंत तर न्या.”

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो, हे आजही सांगतो. पण हो म्हणायला काय लागतं!

नोंदणीसाठी आम्ही एक शास्त्रीबुवा नेमले होते. दशग्रंथी, साठीचे, अतिशय सज्जन. पोथीला हात लावण्याआधी हातपाय धुवायचे. मी त्यांना नियम घालून दिला: पूर्ण पोथ्यांची नक्कल आधी, खंडित पोथ्यांची सगळ्यात शेवटी. खंडित पोथ्यांसाठी एक वेगळं कपाटही केलं. या व्यवस्थेचा मला केवढा अभिमान होता! काकूंच्या पोथीला शेवट नव्हता, म्हणून ती त्या कपाटात गेली. आधी पूर्ण पोथ्यांचं उरकू, मग सावकाश बसू, असं मी ठरवलं. काकू अधूनमधून मागच्या दाराशी येऊन विचारायच्या, “निघाला का नंबर?” मी म्हणायचो, निघेल.

मग मी आणखी पोथ्या मिळवायला देवळ्याकडे गेलो. आठ दिवसांनी परतलो, तर शास्त्रीबुवांनी आधी माझ्या हातावर खडीसाखर ठेवली. मी ती तोंडात टाकली.

“प्रसाद आहे,” ते म्हणाले. “पौर्णिमेला उपास करून सगळ्या खंडित पोथ्या गंगेत सोडल्या. हळदकुंकू वाहिलं, नव्या फडक्यात बांधल्या. बरेच दिवस कपाटात ताटकळत होत्या बिचाऱ्या.”

मी ओरडलो. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्यांना कितीतरी वेळ कळेचना की त्यांचं चुकलं काय. भंगलेली मूर्ती घरात ठेवत नाहीत, तशी खंडित पोथीही ठेवत नाहीत. बाजूला काढायची आणि चांगला दिवस पाहून गोदावरीत सोडायची. त्यांच्या घरात तेच होत आलं होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही घरात. ग्रंथालयाला फाटकं पानसुद्धा हवं असतं, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. सांगावं लागेल असं वाटलंच नाही.

नदीवर गेलो. पार खालच्या अंगाला दगडांत अडकलेली चार पानं मिळाली. कुठल्या पोथीची होती कोण जाणे, घरगुती शाई पाण्यात उतरून गेली होती. कार्यवाह म्हणाले, यादीतून नावं कमी करा आणि योजना बंद करा. दोन्ही कामं मीच केली.

दुसऱ्या दिवशी पंचवटीत निघालो, तर शास्त्रीबुवा वाटेत उभे. डोळे सुजलेले. “गीतेवरची टीका होती म्हणून सांगा,” ते म्हणाले. “त्या माउलीला तेवढंच समाधान. कोण पडताळायला बसलंय?” मी त्यांच्यावर पुन्हा डाफरलो. डाफरलो, कारण मीही तोच विचार करत आलो होतो.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. रडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

“गंगेतच गेली ना,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, “पण तुम्ही वाचली होतीत ना? थोडी तरी?”

तेवढ्यात गीता माझ्या ओठांवर आली होती. पण त्या बाईच्या तोंडाकडे बघून खोटं बोलवेना. मी पानं मोजली होती, लांबी-रुंदी मापली होती, कार्डावर ‘खंडित’ असं लिहिलं होतं. वाचली नव्हती.

“आणि शास्त्रीबुवांनी?”

“शेवटचं पान नाही, एवढंच पाहिलं त्यांनी.”



“म्हणजे कोणीच नाही,” असं म्हणून काकू माझ्यासाठी पाणी आणायला आत गेल्या.